आधी वास घ्या, मग घोट : क्राफ्ट बिअरबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात याच पानावर मी लिहिलं होतं की बिअर बर्फासारखी गार करून घटाघटा ढोसायची सवय एक दिवस बाजूला ठेवा, ग्लास नाकाजवळ न्या आणि वास घेऊन बघा. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय.

ऑफिसच्या टीमबरोबर मुंढव्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत गेलो होतो. मेन्यूत हेफेवायझन, विटबिअर, सेझॉन, स्टाउट अशी आठ-दहा नावं, एकाचाही अर्थ कळेना. शेवटी वेटरला म्हटलं की जी सगळ्यात नॉर्मल असेल ती दे. आयुष्यभर बाटलीतली स्ट्राँगच प्यायलोय. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोथरूड

अहो तुम्ही पुण्यात राहता म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. देशात क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत थोडी थोडी करून बनवलेली बिअर, जिथे सगळ्यात आधी रुजली त्यात पुणं आहे, डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर जागेवरच बनवून विकणारं ठिकाण, २००९ मध्ये इथेच सुरू झाली, तेव्हा 'ताजी बिअर' म्हणजे काय हे सांगायला लागायचं लोकांना, आणि मग पाच-सहा वर्षांत मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर असं करत करत आज परिस्थिती अशी आहे की आज कुठे जायचं यावर भांडणं होतात.

पुढच्या वेळी गेलात की पूर्ण ग्लास मागवूच नका. सॅम्पलर मागा. काही ठिकाणी त्याला टेस्टिंग फ्लाइट म्हणतात, लाकडी पट्टीवर चार ते सहा छोटे ग्लास येतात, एकेकात साधारण १०० मिली. प्यायचा क्रम मात्र पाळा, फिक्या रंगाची आणि सौम्य आधी, भाजक्या चवीची आणि कडू सगळ्यात शेवटी, कारण एकदा जिभेवर आयपीए, म्हणजे कडू चवीची इंडिया पेल एल, बसली की त्यानंतर विटबिअर नुसती पाण्यासारखी लागते. तिखट मिसळ खाऊन मग कोशिंबिरीची चव बघण्यासारखं आहे ते.

आता नावं. मुळात बिअरमध्ये चारच गोष्टी असतात, पाणी, माल्ट, हॉप्स नावाची कडू फुलं आणि यीस्ट. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे आपली बार्ली. तुमच्या घरी लहान बाळासाठी कुणी नाचणीचं सत्त्व केलेलं बघितलंय का, नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजायची? माल्ट करायची पद्धत जवळपास तीच. मोड आल्यावर दाण्यात असे घटक तयार होतात जे पिठूळपणाची साखर करतात, मग ते भरडून ६५ डिग्रीच्या आसपास गरम पाण्यात तासभर ठेवलं की गोड पाणी मिळतं. ते हॉप्स घालून उकळायचं, गार करायचं आणि यीस्टच्या हवाली करायचं.

इथून दोन रस्ते फुटतात, एल आणि लागर. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ डिग्रीत काम करतं, पटपट करतं आणि करता करता फळांचे, मसाल्यांचे वास सोडतं. लागरचं यीस्ट थंडीतलं, १० डिग्रीच्या आसपास सावकाश काम करतं, मग बिअर कित्येक आठवडे गारठ्यात निवत ठेवतात म्हणून ती स्वच्छ, नितळ लागते. तुम्ही आयुष्यभर जी प्यायलात ती लागरच, म्हणजे चेकमधल्या पिल्सेन गावात १८४२ मध्ये योझेफ ग्रोल नावाच्या ब्रुअरने जी पिल्सनर नावाची सोनेरी बिअर काढली तिची लांबची नातेवाईक. फक्त वाटेत तिच्यात तांदूळ, मका, साखर असं काय काय शिरलं आणि हॉप्स कमी होत गेले.

माझी सुरुवात हेफेवायझनने झाली आणि तुम्हालाही मी तीच सांगेन. निम्म्याहून जास्त गहू, दिसायला गढूळ, वर जाड पांढरा फेस. मी पहिल्यांदा वास घेतला तर चक्क पिकलेल्या केळ्याचा वास, आणि त्याच्या मागून लवंग. मला वाटलं यांनी इसेन्स घातलाय. तिथला ब्रुअर समोरच उभा होता त्याला विचारलं तर तो मला आत टाक्यांकडे घेऊन गेला, एका डब्यातलं ओलसर यीस्ट दाखवलं आणि म्हणाला केळं इथे आहे, लवंग पण इथेच आहे. मग माझ्या तळहातावर चार दाणे माल्टचे ठेवले, चावून बघा म्हणाला. आधी कुरकुरीत, मग गोडसर, अगदी ताज्या लाह्यांसारखं. शेजारच्या पोत्यातले काळे दाणे दिले, ते कॉफीच्या बियांसारखे कडवट. त्याच धान्याला किती भाजलं एवढाच फरक. भाजणीची थालीपिठं करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवायला लागत नाही, भाजणी जरा जास्त खमंग झाली की आई लांबूनच ओळखायची.

विटबिअर ही बेल्जियमची, तिच्यात तर धणे आणि संत्र्याची साल घालतात. ही पद्धत जवळपास मेलीच होती, हूगार्डन गावात पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने १९६०च्या दशकात ती परत उभी केली. म्हणजे तुमच्या पुढ्यात जे 'नॉर्मल नाही' असं वाटलं त्यात आपल्या फोडणीच्या डब्याशेजारची बरणीच होती!

मित्राने हौसेने आयपीए पाजली. इतकी कडू की मला वाटलं खराब झालीये. लोक खरंच आवडीने पितात का हे? आणि यात 'इंडिया' कुठून आलं?
— एक वाचक, देवळाली

खराब नव्हती. हॉप्स ही एका वेलीची फुलं असतात, हिरवी, छोट्या शंकूसारखी, ती जास्त पडली की असं होतं. कडूपणा आवडायला वेळ लागतो, कारलं कुणाला पहिल्या दिवशी आवडलंय? पण तुमच्या मित्राने घाई केली असं माझं मत आहे, आधी साधी पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची एल, पाजायला हवी होती.

इंडियाचं असं की अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनमधल्या जॉर्ज हॉजसनच्या बो ब्रुअरीतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या गोऱ्या लोकांसाठी पिंपं भरभरून बिअर यायची. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, चार-सहा महिने लागायचे, वाटेत दोनदा विषुववृत्त. हॉप्समध्ये जंतू रोखायचा गुण असतो म्हणून गरम देशात पाठवायची बिअर हॉप्स जास्त घालून करायची हे ब्रुअर लोकांना आधीपासून माहीत होतं. त्यामुळे कुणी एकाने बसून भारतासाठी आयपीए शोधून काढली ही गोष्ट जी सगळीकडे सांगतात ती काही खरी नाही, जास्त हॉप्सची फिकी बिअर इंग्लंडात होतीच, ती या प्रवासात छान मुरली, इथल्या लोकांना आवडली, पुढे १८२०च्या दशकात बर्टनचे ब्रुअर या धंद्यात उतरले आणि 'इंडिया' हे नाव तर त्यानंतर चिकटलं.

तुमच्या मित्राने पाजली ती बहुतेक अमेरिकन पद्धतीची असणार. १९७०च्या दशकात तिकडे कॅस्केड नावाचे हॉप्स आले, त्यांना पपनसाच्या सालीचा वास, आणि कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाने १९८० पासून ते भरपूर वापरून पेल एल केली, तिथून ही लाटच आली. पुढच्या वेळी प्यायच्या आधी नुसता वास घ्या. पपनस सोलताना हाताला जो तेलकट वास राहतो ना, तो शोधा. तो सापडला की कडूपणा त्रास द्यायचा थांबतो, निदान माझं तरी असंच झालं.

आणि तुम्ही देवळालीचे म्हणून सांगतो, वर ज्या डूलालीचा उल्लेख केलाय ते नाव तुमच्याच गावावरून आलेलं आहे. देवळालीच्या कॅम्पात मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर महिनोन्महिने पडून असायचे, कंटाळून, गरमीने काहीजण भ्रमिष्ट व्हायचे, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. टॅप म्हणजे आपला ताप. पुढे इंग्रजीत डूलाली म्हणजे डोकं फिरलेला असा शब्दच झाला.

महागाचा क्राफ्ट बिअरचा सिक्सपॅक आणला, प्रत्येक बाटलीला पुठ्ठ्यासारखा वास. कंपनीला मेल करू का?
— एक वाचक, ठाणे

करा, पण आधी तारीख बघा. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअरला हवा लागलीये आणि ती जुनी झालीये, आणि यात दोष दरवेळी बनवणाऱ्याचाच असतो असं नाही. मे महिन्यात बंद ट्रकमधून बिअर आली, दुकानात फ्रिजबाहेर दोन महिने पडून राहिली की चांगल्यातली चांगली बिअर पण मरते. उष्णता, हवा आणि उजेड, हे तीन शत्रू.

उजेडाचा मला चांगलाच दणका बसलाय. गोव्यात एका दुकानात हिरव्या बाटल्या काचेच्या शोकेसमध्ये मस्तपैकी उन्हात मांडल्या होत्या, दिसायला इतक्या सुंदर की मी चार उचलल्या, संध्याकाळी मित्रांना जमवलं, उघडली तर मांजर येऊन गेल्यासारखा वास. चारही ओतून दिल्या. होतं असं की ऊन लागलं की हॉप्समधल्या कडू घटकांचं रूपांतर एका भयंकर वासाच्या घटकात होतं, काही मिनिटांतसुद्धा होऊ शकतं. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी जवळपास नाहीच, आणि कॅन पूर्ण वाचवतो. म्हणून मी आता कॅनच घेतो, फ्रिजमधलाच घेतो, आणि बुडावरची तारीख वाचल्याशिवाय घेत नाही, मागे लाइन लागली तरी चालेल. विशेषतः आयपीए, तिच्यातला हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो, ती दोन-तीन महिन्यांच्या आतली मिळाली तरच घ्यायची.

अजून एक, ग्लास. घरी भांडी घासायच्या साबणाचा पातळ थर राहिला तरी फेस बसतो आणि मग लोक म्हणतात बिअर फ्लॅट आहे. ग्लास मिठाने चोळून स्वच्छ पाण्याने धुवा, उपडा ठेवून वाळवा, फडक्याने पुसू नका. आणि फेस काढून टाकायला सांगू नका हो! दोन बोटं फेस हवाच, वास त्यातच अडकलेला असतो.

काळी बिअर जास्त चढते का?
— एक वाचक, नांदेड

नाही. रंग भाजलेल्या धान्याचा, अल्कोहोलचा त्याच्याशी संबंध नाही. नळावरची गिनेस, म्हणजे काळी स्टाउट, ४.२ टक्के असते आणि आपल्याकडची सोनेरी स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत जाते. लेबलवरचा आकडा वाचायचा.

नोकरीसाठी जर्मनीत आलोय. कोलोनमध्ये मित्राकडे गेलो होतो, तिथे वेटर न मागता एकामागून एक छोटे ग्लास आणून ठेवत होता, मी नको म्हणायचं कसं या विचारात सात संपवले. हा काय प्रकार आहे? आणि इथे असेपर्यंत काय चुकवू नको ते सांगा.
— एक वाचक, श्टुटगार्ट

तुमचं पत्र वाचून मला तुमचा हेवा वाटला, खरंच. ते जे प्यायलात ते क्योल्श, आणि ते आणून देणाऱ्याला तिथे क्योबेस म्हणतात. ग्लास ०.२ लिटरचा, सरळ उभा, मुद्दाम एवढा छोटा की गरम व्हायच्या आत संपतो. तो रिकामा दिसला की क्योबेस भरलेला ठेवणार आणि तुमच्या पुठ्ठ्याच्या कोस्टरवर पेन्सिलने एक रेघ ओढणार, शेवटी त्या रेघा मोजूनच बिल. थांबायचं असेल तर कोस्टर ग्लासवर झाकण म्हणून ठेवायचा, बोलायची गरजच नाही. आपल्याकडे पंगतीत वाढप्याला थांबवायला पानावर हात आडवा धरतात ना, तसं.

चुकवू नका म्हणाल तर बांबेर्ग. ऑक्टोबरफेस्टला सगळेच जातात, तुम्ही पण जा, पण बांबेर्गला एक शनिवार काढून जाच. तिथे राउखबिअर मिळते, धुराची बिअर. पूर्वी माल्ट लाकडाच्या धगीवरच वाळवायचे त्यामुळे धूर लागायचाच, पुढे बाकीच्यांनी नवीन भट्ट्या आणल्या, बांबेर्गमधल्या श्लेंकरलासारख्या एक-दोन ठिकाणांनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा धूर सोडला नाही. पहिला घोट विचित्र लागतो, असं वाटतं की कुणीतरी बिअरमध्ये धुरावलेलं मटण बुडवलंय, पण तिसऱ्या घोटाला मला काय आठवलं सांगू, गावाकडची चूल, पावसाळ्यात ओल्या लाकडांनी धूर कोंडलेला, आणि तव्यावरून उतरलेली भाकरी. तिथले लोक पण सांगतात की पहिल्या ग्लासवरून ठरवू नका.

आणि बव्हेरियात कुठल्या जुन्या बिअरगार्टनमध्ये गेलात तर घरचा डबा घेऊन जा. मजा नाही करत, तिथे प्यायचं त्यांच्याकडून विकत घ्यायचं पण खायचं घरून आणायची परंपरा आहे आणि सरकारी नियमातसुद्धा ते आहे. चेस्टनटच्या झाडाखाली बसायचं, कारण त्या सावलीत पूर्वी जमिनीखालची बिअरची तळघरं गार राहायची, 'मास' म्हणतात तो एक लिटरचा ग्लास घ्यायचा आणि आपल्या डब्यातल्या मेथीच्या पुऱ्या काढायच्या. शेजारचे जर्मन आजोबा विचारणारच हे काय आहे, त्यांना एक द्या.

यूट्यूबवर बघून घरी बिअर करायचा विचार आहे, चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

नको. आपल्याकडे लायसन्सशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. हौस असेल तर ब्रुअरीत आधी विचारून सकाळच्या वेळी जा, बरेच ब्रुअर मनापासून दाखवतात. गरम माल्टचा वास सगळीकडे भरलेला असतो आणि गाळून उरलेला चोथा गुरांच्या चाऱ्याला द्यायला पोत्यात भरत असतात, ते बघण्यासारखं असतं.

मीड पण बिअरच का?
— एक वाचक, पुणे

नाही, मीड मधापासून होते, धान्यापासून नाही. पुण्यातल्या मूनशाइनने देशात पहिल्यांदा तिची रीतसर मीडरी काढली. नक्की चाखा, पण बिअरची अपेक्षा ठेवून नको.

डायबेटिस आहे, क्राफ्ट बिअर नैसर्गिक असते म्हणून चालते असं मित्र म्हणतो.
— एक वाचक, अमरावती

मित्राचं ऐकू नका, डॉक्टरांना विचारा. क्राफ्ट असली तरी त्यात अल्कोहोल आहे, कार्ब्ज आहेत. आणि ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांनी जव-गव्हाची बिअर टाळायचीच.

माझं वय ५८. मुलगा आणि सून पुण्यात असतात, ते मला आणि ह्यांना ब्रुअरीत घेऊन जाणार म्हणतायत. ह्यांनी कधीतरी घेतलीये, मी कधीच नाही. चव बघायची इच्छा आहे पण तिथे जाऊन काय मागवायचं, बरोबर काय खायचं, आणि सगळे बघतील असं वाटतं.
— एक काकू, कोल्हापूर

काकू, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. जा तुम्ही, बिनधास्त जा. दुपारी जा, दोन-तीनच्या सुमाराला, तेव्हा गर्दी नसते, गाणी मोठ्याने नसतात, आणि वेटरला बोलायला वेळ असतो. दुपारी तिथे आजी-आजोबा, लहान मुलं असलेली कुटुंबं जेवायला आलेली असतात, कुणी बघत नाही. परमिट लागतं, ते एक दिवसाचं तिथेच मिळतं, मुलाला सांगून ठेवा. आणि परत येताना गाडी कुणी चालवायची ते आधीच ठरवा, नाहीतर सरळ रिक्षा.

आता काय मागवायचं. कोकम घालून केलेली सावर बिअर असेल तर आधी ती. सावर म्हणजे आंबट, दही विरजताना जे जिवाणू काम करतात त्यांच्याच भावकीतले जिवाणू ती आंबट करतात, त्यामुळे ताकाची आणि सोलकढीची सवय असलेल्या माणसाला ती पहिल्या घोटात ओळखीची लागते. माझ्या मावशीने बाकी सगळ्यांना तोंड वाकडं केलं आणि ही एकटी पूर्ण संपवली. जर्मनीत लाइपझिगकडे गोझं नावाची एक आंबट बिअर आहे तिच्यात तर मीठ आणि धणे असतात, म्हणजे जवळपास मठ्ठाच की.

खाण्याचं सोपं आहे. तळलेला बांगडा किंवा सुरमई असेल तर विटबिअर किंवा आंबट बिअर, लिंबू पिळल्यासारखं काम करते. तिखट रश्श्याबरोबर मात्र आयपीए घेऊ नका, कडूपणाने तिखट अजून भडकतं, आणि तुम्ही कोल्हापूरच्या असलात तरी हे जमत नाही, मी तांबड्या रश्श्याबरोबर करून बघितलंय, कान गरम झाले होते. रश्श्याबरोबर हेफेवायझन, तिचा गोडसरपणा तिखट सांभाळून घेतो. चकली, शेंगदाणे, भजी यांना साधी पिल्सनर. आणि शेवटी गोड म्हणून स्टाउट, ती खरवसाबरोबर किंवा नुसत्या चॉकलेटबरोबर इतकी सुंदर लागते की काय सांगू. बरोबर पाण्याचा ग्लास ठेवा आणि मध्ये मध्ये पाणी पीत राहा.

एक सांगायचं राहिलं, तुमच्यात आणि काकांच्यात मिळून एकच स्टाउट मागवा. ती गार असताना वासच देत नाही, पंधरा मिनिटं तशीच समोर राहू द्या, गप्पा मारा, आणि मग परत वास घेऊन बघा, तेव्हा कुठे ती कॉफी बाहेर येते.